फवारणीतला धप्पा: ऐरोलीतल्या एका घरगुती ध्वनिमुद्रणाचं प्रकरण

निफाड आणि दिंडोरी भागातल्या द्राक्ष-कांदा उत्पादकांना दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर शेतीसल्ल्याच्या ध्वनिफिती पाठवणारी एक छोटी संस्था आहे. सल्ला तज्ज्ञ लिहून देतात. वाचून दाखवणाऱ्या ताई ऐरोलीत राहतात. माहेर निफाडकडचं, शिक्षण कृषी पदवीचं, लग्नानंतर नवी मुंबई. त्यामुळे भुरी (पिकावरचा बुरशीचा रोग) म्हणजे काय आणि फुलकिडे कुठे दडतात हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही, आणि बोलणं ऐकणाऱ्याला आपल्याकडचं वाटतं. संस्थेला त्यांच्याऐवजी दुसरं कुणी नको होतं. पण तक्रारी वाढत होत्या, आणि त्याही दोन उलट्या टोकांच्या.

काही शेतकरी म्हणत, ‘ताईंचा आवाज लई बारीक येतो. मोटार चालू असली की काय बोलल्या ते कळतच नाही.’ दुसरे म्हणत, ‘मधेच धप्प-धप्प वाजतं, बॉक्स फाटल्यासारखं.’ फीत तीच, आठवडा तोच. एकाला आवाज कमी, दुसऱ्याला नको तितका जास्त.

मी ठाण्यात आवाजाचं ध्वनिमुद्रण करतो; डबिंग आणि निवेदन हे रोजचं काम. संस्थेच्या एका ओळखीतून हे प्रकरण माझ्याकडे आलं, तेव्हा ताईंचं पहिलं वाक्य होतं, ‘दादा, मी प्रत्येक फीत पाठवायच्या आधी मोबाईलवर ऐकते. मला तर कुठेच धप्प ऐकू येत नाही.’ त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. गुंता उकलायला तिथूनच सुरुवात झाली.

कोण कशावर ऐकतं

संस्थेला मी एवढंच विचारायला सांगितलं की तक्रार करणारा माणूस फीत कशावर ऐकतो. उत्तरं आली तेव्हा चित्र बरंच साफ झालं. ‘बारीक’ म्हणणारे फोन हातात धरून किंवा खिशात ठेवून ऐकत होते. ‘धप्प’ म्हणणारे ट्रॅक्टरवर ऐकत होते. नाशिककडचे ट्रॅक्टर ज्यांनी पाहिलेत त्यांना मडगार्डवर बसवलेले ते स्पीकरचे बॉक्स ठाऊक असतील. आतला वूफर गाण्यातला ढोल दणकवायला निवडलेला असतो, शेतीसल्ल्यासाठी नाही.

मोबाईलचा स्पीकर नखाएवढा असतो. साधारण २००-३०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, खालचं त्याला फारसं वाजवताच येत नाही. ताईंच्या फितीत जे काही धपकत होतं ते याच्याही बरंच खाली होतं, म्हणून ताईंना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टरच्या बॉक्सला मात्र नेमका तोच पट्टा आवडतो. म्हणजे तपासणारी व्यक्ती ज्या यंत्रावर तपासत होती, त्या यंत्राला दोष दिसतच नव्हता. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या निम्म्या लोकांची इथेच फसगत होते, असं माझं मत आहे. महागडे मॉनिटर स्पीकर घ्यायला कुणी सांगत नाही. कान पूर्ण झाकणारा एक साधा हेडफोन पुरतो. ताईंच्या यजमानांकडे कामाच्या मीटिंगसाठीचा असा हेडफोन घरात होताच. तो लावून जुनी फीत ऐकली आणि पहिल्याच वाक्याला ताईंनी तो कानावरून काढला. ‘अगं बाई, हे असं जातं लोकांना?’

मूळ फाईल उघडल्यावर

व्हॉट्सॲपवरून आलेली फीत तपासून फारसं हाती लागत नाही, कारण ती दाबून लहान केलेली असते. लॅपटॉपवरची मूळ फाईल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. सल्ला भुरीवरचा होता. ‘फवारणी’ हा शब्द शोधला आणि लहरींचं चित्र मोठं करून पाहिलं.

शब्दाच्या तोंडाशी दोन-तीन प्रचंड, संथ लाटा होत्या. एकेक लाट सुमारे २५ मिलिसेकंद रुंद, म्हणजे ४० हर्ट्झच्या आसपास. तिच्या मागोमाग ‘अ’ सुरू होतो तिथल्या लाटा बारीक आणि नियमित, ५ मिलिसेकंदांच्या, म्हणजे २०० हर्ट्झ. बाईच्या बोलण्याचा हा नेहमीचा स्वर. नेहमीच्या बोलण्यात गळ्यातून ४० हर्ट्झ कुणाच्याच निघत नाही. त्या लाटा गळ्यातून आलेल्याच नव्हत्या. ओठ उघडताना सुटलेला वारा मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळला होता. कंडेन्सर मायक्रोफोनचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो. ध्वनीमुळे हललो की वाऱ्यामुळे, हे त्याला कळत नाही. त्यातून ताईंचा माइक एका दिशेने ऐकणारा, कार्डिऑइड. असा माइक पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक मोजतो, आणि वाऱ्याचा झोत फक्त पुढून येत असल्याने तो फरक एकदम मोठा होतो. सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माइकवर हाच झोत पुष्कळ कमी दणका देतो.

पण तक्रारी दोन होत्या. बारीक आवाजाचं काय?

फीत पाठवण्याआधी ताई ती ‘नॉर्मलाइज’ करत. यात सॉफ्टवेअर अख्ख्या फितीतलं सर्वांत उंच टोक शोधतं, ते ठरलेल्या पातळीवर, त्यांच्या बाबतीत उणे १ डेसिबलवर, नेऊन ठेवतं आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात वर-खाली करतं. आता सर्वांत उंच टोक कुठलं होतं? ‘फवारणी’चा फ. बोलण्यातले स्वर त्याच्या आठ-नऊ डेसिबल खाली राहिले होते. वाऱ्याच्या त्या टोकांनी वरची सगळी जागा अडवली आणि बोलण्याला वर जायला वावच उरला नाही. फोनवर ऐकणाऱ्याला टोक ऐकू येत नव्हतं, त्याच्या मागे दबलेलं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. ट्रॅक्टरवाल्याला टोकच ऐकू येत होतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं.

याआधी संस्थेतल्या कुणीतरी ताईंना माइकचा गेन, म्हणजे माइक आवाज किती वाढवून घेतो ती पातळी, वाढवायला सांगितलं होतं. त्याने तक्रारी मिटल्या नसत्या, कारण नॉर्मलाइज केल्यावर सगळं पुन्हा त्याच प्रमाणात येऊन बसतं. उलट नुकसान मात्र झालं होतं: एका फितीत फ इतका वर गेला होता की लाटेचा माथा सपाट कापला गेला होता. असा कापलेला भाग नंतर पुरता सुधारता येत नाही.

प नव्हे, फ आणि भ

पॉप फिल्टरबद्दल, म्हणजे तोंडाचा वारा मोडायला माइकपुढे लावतात त्या जाळीबद्दल, जे काही इंग्रजीत शिकवलेलं सापडतं त्यात पहिला आरोपी ‘पी’ असतो, मग ‘बी’, मग ‘टी’. इंग्रजी बोलणारा शब्दाच्या सुरुवातीचा पी हवेच्या झोतासकट उच्चारतो. आपला प तसा नाही. शाळेच्या व्याकरणात ज्यांना अल्पप्राण म्हणून शिकवलं त्या प आणि ब मध्ये हवा बेताची असते. फ आणि भ हे महाप्राण आणि वर ओठांवरचे. हातावर तपासता येतं: तळहात ओठांपुढे चार बोटांवर धरून आधी ‘पान’ म्हणावं, मग ‘फांदी’, मग ‘भात’. ख, थ, ठ यांतही हवा पुष्कळ असते, पण ती आत जिभेपाशी अडून येते. ओठांच्या दारातून एकदम सुटणारा तो फटका त्यांना नाही. ताईंच्या फितींत सगळ्यांत मोठी टोकं फ ची होती, त्याखालोखाल भ, आणि प फक्त जिथे त्या जोर देऊन ‘पहिली फवारणी’ म्हणत तिथे.

काही लोक फ हा दात ओठावर टेकवून, इंग्रजी ‘एफ’सारखा म्हणतात, मुंबई-ठाण्याकडे हे सर्रास ऐकू येतं. त्यात फटका नसतो, पण हवेची सलग फुंकर असते आणि माइकवर तिची खरखर येते. ताई दोन्ही करत. ‘फोन’ दातावर, ‘फुलकिडे’ ओठावर. घरात नवी मुंबई आणि शब्दात निफाड, असं काहीसं.

आणि शेतीची भाषा तर फ-भ नी भरलेली. फवारणी, फुलोरा, फुलगळ, फळमाशी, फांदी, भुरी, भेंडी, भुईमूग, भरखत. दुसऱ्या कुठल्या विषयावर त्या बोलत असत्या तर कदाचित हे प्रकरण उद्भवलंच नसतं. तपासणीसाठी मी एक वाक्य बनवून दिलं: ‘फुलकिडे, भुरी आणि फळमाशी, फवारणी पहाटे करा, भर दुपारी नको.’ पुढचे सगळे बदल याच वाक्यावर तोलले. वाक्य एकच ठेवलं की काय बदललं ते कळतं. दर वेळी नवा मजकूर वाचला तर शब्दांचा फरक कुठला आणि मांडणीचा कुठला, याचा पत्ता लागत नाही.

फिल्टर होता, पण

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की ताईंकडे पॉप फिल्टर नव्हता. होता. ऑनलाइन मागवलेला, गोल चौकटीत ताणलेली नायलॉनची दुहेरी जाळी, लवचिक मान, खाली टेबलाला आवळायचा चाप. तीन-चारशे रुपयांत मिळतो तसा. शिवाय माइकबरोबर आलेली स्पंजची टोपीही चढवलेली.

चूक मांडणीत होती. स्वस्त फिल्टरची मान काही दिवसांत ढिली पडते आणि चौकट आपल्या वजनाने झुकत जाते. ती झुकून माइकच्या जाळीला टेकली होती, आणि ताईंना तेच बरोबर वाटलं होतं: झाकण जितकं घट्ट तितकं चांगलं. तोंड फिल्टरला जवळजवळ लागलेलं. ओठांपासून माइकपर्यंत सगळं मिळून पाच सेंटिमीटर.

जाळी हवा अडवत नाही, हे समजून घेतल्याशिवाय पॉप फिल्टर नीट लावताच येत नाही. हवा अडवणारी वस्तू आवाजही अडवेल. जाळी करते ते एवढंच, की एका दिशेने येणाऱ्या झोताचे असंख्य बारीक, वेडेवाकडे झोत करते. ते झोत जाळीच्या मागे काही सेंटिमीटरांत एकमेकांत मिसळून मरतात. ध्वनीला याचा काही फरक पडत नाही, कारण ध्वनीत हवा इथून तिथे जात नाही, कंप पुढे सरकतो, आणि तोही सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने. मी हे सांगत होतो तेव्हा ताई म्हणाल्या, ‘म्हणजे झारी. नळी सोडली तर रोपाच्या बुडाला खड्डा पडतो, झारीने तेवढंच पाणी घातलं तर पडत नाही.’ याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. आणि झारीचं तोंड मातीला टेकवून पाणी घातलं तर? खड्डा पडणारच. जाळी आणि माइक यांच्यात मोकळी जागा नसेल तर झोताला मरायला अंतरच मिळत नाही.

हे डोळ्यांनी पाहायला मी देवघरातली उदबत्ती मागितली. पंखा बंद, खिडकी बंद, उदबत्तीचा धूर सरळ वर. ओठांपासून चार बोटांवर धरून ‘फवारणी’ म्हटलं की धूर उडून जातो. ओठ आणि धूर यांच्यात जाळी धरली आणि धूर जाळीला अगदी लागून ठेवला, तर तो अजूनही फाटतो. जाळी तिथेच ठेवून धूर आणखी चार बोटं मागे नेला की नुसता डुलतो. आणि जाळी अजिबात नको, धूर तोंडाच्या समोरून बाजूला, गालाच्या रेषेत आणला, तर हललाही नाही. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी दोन वेळा ‘फ’ म्हणून खात्री करून घेतली.

शेवटची ती गोष्ट, धूर बाजूला आणला तर हलत नाही, हा फिल्टरइतकाच मोठा उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. झोत सरळ जातो, आवाज सगळीकडे पसरतो. माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता तोंडाच्या कोपऱ्यापाशी, ३०-४५ अंशांवर ठेवला आणि त्याचं तोंड ओठांकडे वळवलं, तर वारा शेजारून निघून जातो आणि आवाज मिळतो. आम्ही दोन्ही केलं: माइक थोडा उजवीकडे, ओठांच्या दिशेने वळवलेला, मधे जाळी, जाळी ते माइक चार बोटं, ओठ ते जाळी आणखी चार बोटं. एकूण साधारण १५ सेंटिमीटर. स्पंजची टोपी काढली. एका झोतावर दोन पडदे लागत नाहीत, आणि स्पंज स च्या वरच्या धारेला जरा बोथट करतो. ती टोपी बाहेर, वाऱ्यात काम करताना कामी येते.

भारदस्तपणाचा प्रश्न

नवी मांडणी ताईंना आवडली नाही. हेडफोनवर ऐकून म्हणाल्या, ‘धप्प गेलं, पण आवाज उतरला. आधी कसा भारदस्त येत होता, रेडिओसारखा.’

त्यांचा कान बरोबर होता. एका दिशेने ऐकणारा माइक तोंडाच्या अगदी जवळ आला की खालचे स्वर फुगवतो. पाच सेंटिमीटरवरून पंधरावर आल्यावर तो फुगवटा बराच ओसरतो. पुष्कळ निवेदक या फुगवट्याच्या प्रेमात असतात आणि त्यासाठी माइक खाऊन टाकल्यासारखे बोलतात. मोठ्या स्टुडिओत, उत्तम खोलीत, सराईत माणसाला ते शोभतं. इथे प्रश्न असा होता की हा भारदस्तपणा ऐकणार कोण? फोनच्या स्पीकरला तो वाजवता येत नाही. ट्रॅक्टरच्या बॉक्सवर तो मुळातच जास्त, तिथे शब्द गढूळ होतो. व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या पट्ट्यामुळे, तळाच्या घुमण्यामुळे नाही. दोन्ही नमुने मी संस्थेच्या समन्वयकांकडून निफाडमधल्या दोन-तीन नेहमीच्या श्रोत्यांना पाठवले, कुठला जुना कुठला नवा हे न सांगता. निवाडा नव्याच्या बाजूने लागला आणि ताईंनी तो मान्य केला, जरा नाइलाजाने.

खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागली. अंतर तिप्पट झालं की माइकवर पोचणारा आवाज साडेनऊ डेसिबलांच्या आसपास उतरतो. तेवढा गेन वाढवायचा म्हणजे खोलीही तेवढीच वर येते. आणि ऐरोलीतल्या खोलीत बरंच काही असतं. फरशीचा, मोकळ्या भिंतींचा घुमणारा हॉल, वरचा पंखा, थोड्या अंतरावरून जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता, त्यावरची अवजड वाहनं, दुपारी सोसायटीत कुणाचं तरी ड्रिल. पाच सेंटिमीटरवर हे सगळं दबून राहत होतं. पंधरावर उघडं पडलं.

म्हणून जागा हॉलमधून बेडरूममध्ये हलवली. ताईंच्या पाठीमागे कपड्यांचं कपाट दारं उघडून ठेवलं आणि पडद्याच्या दांडीवर एक जाड गोधडी टाकली. गोधडी पाठीमागे का, माइकच्या मागे का नाही, असं यजमानांनी विचारलं. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो. त्याच्या समोर ताई आहेत आणि ताईंच्या मागे भिंत. त्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या तोंडात येतो. माइकची पाठ, जिथे तो सर्वांत कमी ऐकतो, ती खिडकीकडे केली. ट्रकच्या घरघरीवर याचा पूर्ण उतारा पडत नाही, तळाचे स्वर भिंतीतून आणि टेबलातूनही येतात. पण ड्रिल, हॉर्न, कबुतरं पुष्कळ मागे गेली. पंखा ध्वनिमुद्रणापुरता बंद. मे महिन्यात हे सोपं नाही. आधी खोली गार करून घ्यायची आणि मग बटण बंद करून वाचायला बसायचं, एवढंच हातात.

एक धप्पा तरीही उरला

फ आणि भ शांत झाले तेव्हा आधी त्यांच्या गर्दीत लपलेला एक वेगळा ठोका वर आला. तो अक्षराला बांधलेला नव्हता. ‘काळजी घ्या’ यातही होता, ‘लक्षात ठेवा’ यातही. एवढ्यावरून तो वाऱ्याचा नाही हे ठरलं. वाऱ्याचा धप्पा ओठ उघडणाऱ्या अक्षरावरच येतो; दुसरीकडे येत असेल तर कारण दुसरं शोधावं, फिल्टर बदलत बसू नये.

कारण समोरच होतं. ताई महत्त्वाच्या शब्दावर टेबलावर हलकेच पंजा ठेवतात. शिकवणाऱ्या माणसाची लकब. माइकचा स्टँड त्याच टेबलावर, फिल्टरचा चापही तिथेच. लकब मोडायला सांगितलं नाही, कारण ती मोडली की बोलण्यातला जीव जातो. माइक फोटोच्या जुन्या तिकाटण्यावर चढवून जमिनीवर उभा केला आणि टेबलावर घडी घातलेला टॉवेल अंथरला. ठोका गेला.

विकतचा आणि घरचा

ढिल्या मानेचा विकतचा फिल्टर मात्र कुठेही बांधला तरी झुकतच होता. यजमानांनी दुसरा घरी केला. भरतकामाची सहा इंची लाकडी रिंग ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारातून, आणि बायका चपलेत घालतात ते त्वचेच्या रंगाचे पातळ नायलॉनचे मोजे. मोजा कापून रिंगच्या आतल्या कड्यावर एक पदर ताणला, बाहेरून दुसरा, म्हणजे दोन पदरांत रिंगच्या जाडीइतकी फट राहिली. ही फट महत्त्वाची. एकमेकाला चिकटलेले दोन पदर जवळजवळ एकाचंच काम करतात. रिंग एका जाड ताठ तारेला बांधून तिकाटण्याला अडकवली.

तपासणीचं तेच वाक्य दोन्ही फिल्टरांवर म्हणून घेतलं. लहरींच्या चित्रात सांगण्याजोगा फरक नव्हता. आधी त्यांनी ओढणीचा तुकडा लावून पाहिला होता. सुती, घट्ट विणीची. त्याने वारा अडला खरा, पण स आणि च मातकट झाले. कापड निवडायची सोपी कसोटी आहे: उजेडाकडे धरून आरपार दिसलं पाहिजे आणि फुंकर पलीकडे जाणवली पाहिजे, पण बोचता कामा नये. धातूच्या जाळीचेही फिल्टर मिळतात. पुसायला सोपे आणि टिकाऊ, पण हलक्या प्रतीच्या काहींत जोरदार हवेला बारीक शिट्टी येते.

नायलॉन धुवावा लागतो, हे फारसं कुणी सांगत नाही. पॉप फिल्टर थुंकीचे तुषारही झेलतो, आणि कंडेन्सर माइकच्या पडद्याला ओल चालत नाही. खाडीकाठच्या नवी मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा आधीच दमट. कोमट पाणी, थोडा साबण, सावलीत पूर्ण वाळवणं. माइक काम झाल्यावर झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर.

पॉप फिल्टरने स ची शिट्टी जाईल, अशी ताईंची समजूत होती आणि ती फार जणांची असते. तसं होत नाही. स चा त्रास वरच्या पट्ट्यातला, कित्येक हजार हर्ट्झचा, आणि तो ध्वनीच आहे, वारा नाही. जाळीतून तो तसाच जातो. ताईंच्या बाबतीत माइक कोपऱ्याला वळवल्याने तो आपोआप थोडा मवाळ झाला, तेवढ्यावर सोडून दिलं.

जुन्या फिती आणि नवा क्रम

छाटणी, भुरी, डाऊनी यांच्या बऱ्याच फिती दर हंगामात पुन्हा पाठवायच्या असतात. सगळ्या नव्याने वाचण्याऐवजी ज्या सुधारता येतील त्या सुधारल्या. अख्ख्या फितीला ८० हर्ट्झवर हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचं सगळं गाळून टाकणारी चाळणी, लावला. ताईंचा स्वर २०० च्या आसपास असल्याने बोलण्याला धक्का लागत नाही. पण वाऱ्याचा फटका ८० वर थांबत नाही, त्याची शेपटी वर जाते. म्हणून जिथे टोक मोठं तिथे तेवढाच तुकडा निवडून १२० हर्ट्झवर, २४ डेसिबल प्रति सप्तकाच्या उताराने पुन्हा फिल्टर, आणि व्यंजनाच्या तोंडाशी काही मिलिसेकंदांचा फेड-इन, म्हणजे आवाज शून्यातून हळूहळू वर आणणं. फेड लांबवला तर फ चा प होतो आणि ‘फळ’ ‘पळ’ ऐकू येतं. सांभाळूनच करावं लागतं. ज्या फितीत लाटेचे माथे कापले गेले होते ती परत वाचून घेतली.

नव्या फितींसाठी क्रम ठरला तो असा: आधी हाय-पास, मग उरलीसुरली टोकं हाताने, आणि नॉर्मलाइज सगळ्यांत शेवटी. आधी ताई तो सगळ्यांत आधी करत होत्या. टोकं गेल्यावर त्याच उणे १ डेसिबलच्या मर्यादेत बोलणं सात-आठ डेसिबल वर येऊन बसलं. ‘आवाज बारीक’ ही तक्रार यानेच मिटली. संस्थेने मधल्या काळात कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी एका शेतकऱ्याचा निरोप आला की ताईंनी नवा माइक घेतला वाटतं. माइक तोच आहे.

‘धप्प’ची तक्रार ट्रॅक्टरवाल्यांकडून अजून अधूनमधून येते, पण ती आता दुसऱ्या एका निवेदकाच्या फितींबद्दल. ते सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आहेत, बांधावर उभे राहून थेट फोनमध्ये बोलतात, फोन ओठांपुढे आडवा धरून. त्यांना रिंग आणि मोजे घेऊन हिंडायला सांगण्यात अर्थ नाही. फोनचा माइक खालच्या कडेला असतो. ती कड तोंडासमोर न धरता हनुवटीच्या बाजूला धरायची, पाठ वाऱ्याकडे करायची, आणि जमलं तर बटनावर लावायचा छोटा कॉलर माइक स्पंजच्या टोपीसकट छातीवर. छातीवरच्या माइकला ओठांचा वारा लागत नाही, तो वरून निघून जातो. ताईंनी त्यांना फोनवर हे समजावलं तेव्हा मी तिथेच होतो. ‘भाऊ, आपण शेतकऱ्याला काय सांगतो? वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. तसंच हे.’ भाऊंनी पाठवलेला पुढचा नमुना हनुवटीपाशी धरलेल्या फोनवरचा होता. फ स्वच्छ आला होता. मागे मात्र कुणाचा तरी फवारणी पंप चालू होता, आणि तो बंद करून पुन्हा बोला असं त्यांना कळवलं आहे.